सासूशेजारची जागा

शालूबाई उंच होती. निपाणीच्या त्या गल्लीत तिच्याएवढी उंच बाई दुसरी नव्हती, आणि लग्न होऊन आली त्या दिवसापासून ही उंची तिला चूक करून बसल्यासारखी सांभाळावी लागली. घराची चौकट बुटकी, सासू नागूबाई तिच्याहून बुटकी.

"वाक गं, वाक. कपाळ फुटंल आणि लोक म्हणतील सासूनं फोडलं," असं नागूबाई म्हणायची आणि दारातल्या बाया हसायच्या. शालूबाई वाकायची. उचगावात माहेरी असताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून ताठ चालणारी पोरगी इथं चौकटीत वाकायला शिकली, चुलीपुढं वाकायला शिकली, नळावर सासूच्या मागं उभं राहताना गुडघे जरासे दुमडून घ्यायला शिकली.

नवरा देवाप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होता. तंबाखूच्या गठ्ठ्यांची, बोदांची थप्पी ढासळली आणि तो तिच्याखाली सापडून गेला. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. दिवस झाल्यावर भाऊ भावकू तिला न्यायला आला. नागूबाई दारात बसून म्हणाली, "न्हे की. मी हितं एकटी मरते."

शालूबाई गेली नाही. सासूवर जीव होता म्हणून नव्हे. भावजयीच्या घरी तिला कोनाडा मिळाला असता आणि त्या कोनाड्याबद्दल रोज कुणाचं तरी तोंड बघावं लागलं असतं. इथं ती विड्या वळत होती. आठवड्याच्या बाजाराला स्वतःची पिशवी घेऊन जात होती, मनात आलं तर एक वेणी जास्त घेत होती, तीही सासूला न विचारता. विधवेनं वेणी कशाला घ्यायची, असं कुणी म्हटलं तर सांगायची, "देवाला." देवाला वाहून मग ती वेणी घरात वास देत राहायची. एवढं राज्य तिला पुरत होतं, आणि ते हात चालतील तोवरच आहे हे तिला कळत होतं.

हात चालत होते. पाय दगा देऊ लागले.

विडी कारखान्याची शेड पत्र्याची, लांबलचक. बाया जमिनीवर रांगेनं मांडी घालून बसायच्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि भिजवून कापलेली पानं, पाठ पुढं झुकलेली, मान सुपात. जागा ठरलेल्या होत्या. सासूशेजारी सून, जावेशेजारी जाऊ, आईशेजारी लेक. बाई मेली तर तिच्या जागेवर तिच्याच घरातली दुसरी येऊन बसायची. मुकादम आण्णाप्पाला तेच सोयीचं होतं, एकीनं दांडी मारली की शेजारणीला विचारता यायचं. नागूबाई खांबाजवळ बसायची आणि तिच्या उजव्या अंगाला शालूबाई.

उंच बाईला जमीन फार लांब असते. शेजारची बाई जरा वाकली की तिचं भागत होतं, शालूबाईला मात्र पार घडी घालावी लागायची. आधी कमरेत ठणका आला, मग डाव्या पायाला मुंग्या, मग संध्याकाळी उठताना पाय आपला नाहीच असं व्हायला लागलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला आडवी करून पाय वर उचलून बघितला, आणि ती ओरडली तेव्हा म्हणाले, "मणक्याचं आहे. मांडी घालून वाकून बसणं बंद करा. पाठ टेकून, पाय खाली सोडून बसत जा. नाहीतर एक दिवस बसल्या जागेवरून उठता येणार नाही."

"कुठं बसू तशी?"

"ते तुम्ही बघा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

घरी येऊन तिनं काही सांगितलं नाही. नागूबाई स्वतःच्या गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. एका खोलीत दोघी झोपायच्या, दोघींना कूस बदलताना दम धरावा लागायचा आणि दोघी झोपेचं सोंग घ्यायच्या.

त्याच हिवाळ्यात, एकोणऐंशी साली, मापाच्या बाई आल्या.

त्यांचं खरं नाव काय होतं ते शेडमध्ये कुणाच्या जिभेवर बसलं नाही. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेत त्या संशोधन करत होत्या. माणसानं कामाला जुळवून घेण्याऐवजी काम माणसाला कसं जुळवता येईल, असा त्यांचा विषय होता, आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी उभं राहून नीट समजावून सांगितला. तरुण होत्या, फिकट रंगाच्या साड्या नेसायच्या, तंबाखूच्या उग्र खाटानं शिंकायच्या आणि शिंक आली की माफी मागायच्या. त्यांच्याकडं लांब दांड्याचं एक पितळी माप होतं. त्यानं त्या बायांची उंची, बसल्यावरची उंची, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर, सगळं मोजायच्या.

"झंपर शिवणार काय वो बाई, एवढी मापं घ्यालाय?" सोनूबाईनं विचारलं.

"गुडघ्याला कुठं झंपर असतंय गं?" दुसरी म्हणाली.

"श्येरात असंल!"

मग त्या नाडी मोजायच्या, तोंडाला नळी लावून श्वास रबरी पिशवीत भरून घ्यायच्या. त्यावरून काम करताना अंगाला किती शीण पडतो ते काढता येतं म्हणे. "आमचा श्वास न्हेताय, परत कधी देणार?" असं एका म्हातारीनं विचारलं तेव्हा बाई स्वतःही हसल्या. शालूबाईला मोजताना त्यांना दांडा वर सरकवावा लागला. "अरे वा," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच सगळ्यात जास्त फायदा होईल."

फायदा म्हणजे बैठक. बाईंनी सगळी मापं नेली आणि सुताराकडून लाकडी बैठका करून आणल्या. पाठीला टेकायला कलती फळी, पाय ठेवायला आडवी पट्टी, समोर सूप ठेवायला छोटं फळकूट. बाया तिला खुर्चीच म्हणायच्या. शालूबाईनं ती बघितली आणि डॉक्टरांचं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं. पाठ टेकून, पाय सोडून. कुणीतरी तिच्या दुखण्याच्या मापानंच ती करून आणली होती.

बाईंनी आण्णाप्पाला प्रयोग समजावून सांगितला तो खांबाजवळ उभ्या राहून. बैठका फक्त चाळिशीच्या आतल्या बायकांना द्यायच्या. "वयस्कर बायकांचे मणके आता घट्ट झालेत. त्यांना देऊन उपयोग नाही. त्या नेहमीसारख्या खालीच बसतील, म्हणजे तुलना करता येईल."

"मग तरण्या बायकांची रांग येगळी करू?" आण्णाप्पानं विचारलं.

"नको, नको. जागा मुळीच बदलायच्या नाहीत. शेजारी तेच, उजेड तोच, वेळ तीच. बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं तरच पडलेला फरक बैठकीचा आहे, असं म्हणता येईल."

त्यांच्या शास्त्राप्रमाणे हे अगदी बरोबर होतं.

शालूबाई बैठकीवर बसली. पाठ फळीला लागली आणि कमरेतलं काहीतरी सुटं झालं. तिला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून तिनं घाईनं पान उचललं. मग तिची नजर डावीकडं खाली गेली. नागूबाईचं डोकं दिसलं. वरून. विरळ झालेला भांग, टाळूवरचा पांढरा ठिपका. आणि तिचं स्वतःचं पाऊल, पट्टीवर ठेवलेलं, सासूच्या तोंडाच्या रेषेत.

"अगं बया, सुनंचं पाय सासूच्या नाकाशी आलं की," पलीकडून कुणीतरी म्हटलं.

"महाराणी बसली बघा. नागूबाई, मुजरा करा!"

शेड हसली. नागूबाई हसली नाही, बोलली नाही. तिनं आपलं सूप वीतभर बाजूला ओढून घेतलं, एवढंच.

शालूबाईनं पाय आत घेतला. थोड्या वेळानं तो सुन्न झाला म्हणून सोडला, तर अंगठा नागूबाईच्या सुपाला लागला. सूप म्हणजे लक्ष्मी. तिनं वाकून सुपाला हात लावला, डोळ्यांना लावला, परत वळायला घेतलं. परत पाय लागला. या वेळी सासूच्या खांद्याला. परत वाकून नमस्कार. दोरा सुटला, विडी उकलली. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी आण्णाप्पानं तिच्या मालातून खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्या एवढ्या झाल्या की तो म्हणाला, "काय गं शालू, हात मोडला का काय?"

मापाच्या बाई समोरच बसून होत्या. हातातलं घड्याळ बघत होत्या. शालूबाई वारंवार खाली वाकते, हे त्यांनी पाहिलं. कशासाठी वाकते ते त्यांना दिसलं नाही. त्यांच्या घरी बहुधा सगळे खुर्चीवरच बसत असतील.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शालूबाई दुपारच्या भाकरीला खाली उतरली ती खालीच बसली. उतरताना तिला वाटलं, आता सासू एकदा तरी म्हणेल, बस वर. नागूबाईनं सूप पुन्हा होतं तिथं सरकवलं. शालूबाईला त्यात उत्तर मिळालं.

बाकीच्या तरण्या सुनांचं त्याच आठवड्यात तसंच झालं. कुणाची सासू टोमणे मारत होती, कुणाची जाऊ बोलेनाशी झाली होती. शेवटपर्यंत बैठकीवर राहिली ती एकटी सोनूबाई. तिची सासू लग्नाआधीच वारलेली, शेजारची जागा रिकामी. ती ऐटीत टेकून विड्या वळायची आणि तिचा मालही चांगला उतरत होता. पण एका बाईवरून काही म्हणता येत नाही, असं बाई आण्णाप्पाला म्हणाल्या.

जाण्याआधी त्या शालूबाईसमोर उकिडव्या बसल्या. चेहरा उतरलेला होता. "शालूबाई, मला खरं सांगा. बैठकीवर त्रास होत होता का?"

नागूबाई हातभर अंतरावर पान कापत होती. कात्री थांबली.

"व्हय," शालूबाई म्हणाली. "टोचत होतं."

"कुठं?"

"सगळीकडंच."

बाईंनी मान हलवली. त्या चिडल्या नाहीत, उलट जाताना सगळ्यांना पेढे वाटून गेल्या. इथल्या स्त्रियांना जमिनीवर बसायची लहानपणापासून सवय असते, उंच बैठक त्यांच्या शरीराला मानवत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तो मालकांना कळला, मालकांकडून मॅनेजर मारुतीरावांना कळला. बैठका कचेरीपुढच्या ओट्यावर गेल्या. दुपारी माल न्यायला आलेले एजंट त्यांच्यावर टेकून चहा प्यायचे आणि म्हणायचे, बसायला लई झ्याक आहे.

पुढं चार-पाच वर्षं शालूबाई खालीच बसून वळत राहिली. सकाळी उठायला तिला भिंत लागायची. शेडमधून निघताना ती सोनूबाईच्या खांद्यावर हात टाकायची आणि गप्पा मारायच्या असल्यासारखं दाखवायची.

मधल्या काळात निपाणीतल्या विडी कामगार बायांनी संघटना बांधली. मोर्चे निघाले, गल्लीतल्या बाया पहिल्यांदाच घसा फुटेपर्यंत ओरडल्या. चौऱ्याऐंशी साली संघटनेच्या तानीबाईनं शेडमध्ये सभा लावली. मागण्यांत एक मागणी होती, बायांना टेकून बसायची सोय करा. तानीबाई स्वतः विड्या वळणारी, आवाज खणखणीत. मारुतीराव हात बांधून उभे राहिले. सगळं ऐकून घेतलं.

"तानीबाई, आमचं काय न्हाय म्हणणं न्हाय," ते म्हणाले. "पर हे सगळं मागंच झालंय. श्येरातनं शिकलेल्या बाई आलत्या. मापं घेऊन, शास्त्राप्रमाणं करून दिलतं. तुमच्याच बायकांनी टाकलं. ही बसलीया बगा शालूबाई, हिला तर पयल्यांदा दिलतं. इचारा की."

सगळी शेड वळून बघायला लागली. तानीबाई जवळ आली. "शालू, भिऊ नको. तुला कुणी उतरवलं?"

शालूबाईला बोलायचं होतं. आता बैठक मिळाली तर अजूनही काही वर्षं निघतील, हे तिला कळत होतं. पण तोंडात यायला एकच नाव होतं आणि त्या नावाची बाई शेजारी मान खाली घालून बसली होती. ते नाव घेतलं असतं तर शेडनं नागूबाईला फाडून खाल्लं असतं. आणि घ्यायचं तरी कसं? सासू काही बोलली नव्हती. तिनं फक्त सूप सरकवलं होतं.

"कुणी न्हाय," ती म्हणाली. "मीच उतरले. मला जमंना."

"झालं?" मारुतीरावांनी हात पसरले. तानीबाईनं शालूबाईकडं असं बघितलं की त्यापेक्षा ती तोंडावर थुंकली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी नागूबाई चुलीपुढं बसली होती. शालूबाई भिंतीला धरून आत आली, चौकटीत वाकली.

"जमंना काय म्हणून म्हणालीस?" नागूबाईनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"मग काय म्हणू? सासूच्या डोक्यावर बसवंना म्हणू?"

"म्हणायचंस. मी काय तुला ओढून खाली घातलंतं?"

"सूप कुणी ओढलं? महाराणी म्हणून हसत हुत्या सगळ्या, तुम्ही एक शबुद बोलला न्हाईसा. आठ दिस घरात तोंड फुगवून हुतासा."

नागूबाईनं भाकरी उलटली. हाताला चटका बसला, तरी तिनं हात झटकला नाही.

"राग आलता," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तू वर बसलीस म्हणून न्हाय आलता. मला न्हाय दिली म्हणून आलता. माझी कंबर तुझ्या आदीपासनं दुखतीया. आनी ती बाई खांबाजवळ हुबी ऱ्हाऊन म्हणती, म्हाताऱ्यांना दिऊन उपेग न्हाय. माझ्या डोक्यावर हुबी ऱ्हाऊन. मला ऐकू येत न्हाय जणू. दगड हाय जणू मी."

"मग तवा बोलायचं न्हाय, आत्ती? मला एकदा म्हणायचं, बस वर."

"आनी तू? तू म्हणायचंस की. आत्ती, बसा घटकाभर, मी हाय खाली. एवढं सुचलं तुला?"

शालूबाईला खरंच सुचलं नव्हतं. उतरणं म्हणजे मान देणं, एवढंच तिला ठाऊक होतं. उतरली, आणि वर रिकामी राहिलेली बैठक दोघींच्या मधे आठवडाभर तशीच होती. दोघीही तिच्याकडं न बघता विड्या वळत होत्या.

"टेकून बसायला जमलं असतं का वो मला?" नागूबाईनं विचारलं. सुनेला ती कधी 'वो' म्हणत नसे. कुणाला विचारत होती कोण जाणे.

दिवाळीच्या तोंडावर शालूबाई शेडमध्ये उठायला गेली आणि उठली नाही. कमरेखाली काही कळेना. चौघींनी तिला ढकलगाडीवर घातली. दवाखान्यात बरेच दिवस राहून ती काठी घेऊन चालायला लागली, पण मांडी घालायची नाही ती नाहीच. आण्णाप्पानं जागा काही दिवस मोकळी ठेवली, मग दुसऱ्या गल्लीतल्या एका पोरीला दिली. सासूच्या शेजारी पहिल्यांदाच परक्या घरातलं माणूस येऊन बसलं.

नागूबाईच्या एकटीच्या कमाईत दोघींचं भागेना. तिनं उपास काढायला सुरुवात केली आणि उपास कुठल्या देवाचा हे सांगता येईना, तेव्हा शालूबाईला कळलं. माहेरी भावकूला निरोप कुणी धाडला हे दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. तो आला. नागूबाईनं पितळी घागर पुसून पुढं ठेवली.

"ऱ्हाऊ दे तुम्हाला," शालूबाई म्हणाली.

"न्हे की. रिकाम्या हातानं गेलीस तर तुझी भावजय मला शिव्या घालंल."

"घागर घेऊन गेले तरी घालंलच."

"मग घागर न्हेऊनच घालू दे."

बेळगावात एस.टी. बदलून उचगावला पोचेपर्यंत दिवे लागले होते. भावजय यल्लव्वा वाईट नव्हती. तिनं गरम पाणी दिलं, सोप्यात सतरंजी टाकली. सकाळी चुलीशी बसून तिनं साधेपणानं विचारलं, "वन्सं, तुम्हाला काय काय जमतंय आता?"

"मांडी घालून बसवंना. टेकून, पाय सोडून बसले तर जमतंय."

यल्लव्वा विचारात पडली. घरातलं एकेक काम तिनं बोटावर घेतलं. भाकरी खाली बसून. जोंधळा पाखडायचा तो खाली बसून. भांडी, विळीवरची भाजी, शेणी थापणं, धुणं, सारवण. एकही काम तिला असं सापडेना जे बाईमाणूस टेकून, पाय सोडून करतं.

"टेकून कोण करतंय वो भाकरी?" ती हसली. हसण्यात दुष्टावा नव्हता. "ऱ्हाऊ दे. आमच्या पोराला तरी सांभाळा तुम्ही."

आठवड्याभरानं शेजारची नागव्वा ताक मागायला आली. सोप्यात भिंतीला पाठ लावून, लांब पाय पसरून बसलेली, झोपलेल्या पोराच्या अंगावरच्या माशा वारणारी ही उंच बाई तिनं पहिल्यांदाच बघितली.

"पावण्या का गं ह्या?"

"न्हाय," यल्लव्वा ताक ओतत म्हणाली. "आमच्या वन्सं. निपाणीत विड्या वळायच्या. आता काय न्हाय."